एका मिनिटात प्राणी

आठवडा अठ्ठेचाळिसावा, भेट सहावी.
लातूर, दुसरा मजला, एक्स-रेच्या जुन्या फिल्म ठेवायची खोली.
अजून भिंतीला तोच आंबूस वास.
मी स्टॉपवॉच टेबलावर ठेवते.
"मन्मथप्पा, एका मिनिटात
आठवतील तेवढे प्राणी सांगायचे. कुठलेही. करा सुरू."

ते हसतात.
एकतीस वर्षं उदगीरला
जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते.
त्यांना प्राणी विचारायचे, आणि तेही घड्याळ लावून!

"गाय."
मग थांबतात. घड्याळ थांबत नाही.
"वानेरा." आणि हात आपल्याच गालावरून फिरवतात,
काळा रंग इथपर्यंत, एवढाच.
"बालंक्या. शेवेरा."

पान एकोणीस:
एकाच प्राण्याच्या जाती वेगळ्या मोजू नयेत.
मी देवणीची. मला वानेरा लांबून ओळखू येतो,
नुसत्या मान वळवण्यावरून.
तक्त्यातल्या चौकोनाला येत नाही.

"तोंडारची चांदी. वासरू आडवं आल्तं.
कोपरापत्तूर हात घातला तवा फिरलं."
विशेषनामं मोजू नयेत.
"हाळीच्या बाजारात शिंग मोडल्याला सोन्या.
हेरची ती म्हैस... नाव ध्यानात येईना,
पर लाथ हितं बसल्ती."
धोतर सरकवून गुडघा दाखवतात.
गुडघ्याला सगळं आठवतंय.

साठ सेकंद.
गाय एक. म्हैस दोन.
गेल्या खेपेला तीन होते.

गोळी पिवळी. बाटली क्रमांक शून्य शून्य सत्तेचाळीस.
आत औषध आहे की नुसती रंगवलेली भुकटी,
मला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, मन्मथप्पांना नाही.
ठाऊक आहे ते कुठल्याशा संगणकाला.
त्यांचं न कळणं हा आजार,
आमचं न कळणं ही पद्धत.
संमतीपत्रावर त्यांची सही आहे, वळणदार,
शेवटच्या अक्षरापाशी जरा वाट चुकलेली,
आणि खाली नागरबाईंचा अंगठा.

नागरबाईंना वेगळं विचारायचं असतं, बाहेरच्या बाकावर.
झोप कशी?
"गुण हाय बघा गोळीनं.
आधी रातच्याला उठून गोठ्याकडं जायचे.
गोठा इकून नऊ वर्सं झाली, तरी जायचे.
आता उठत न्हाईत."
मी लिहिते: झोप, सुधारणा.
त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळतात, सोडतात.
"पर जायचे तवा एकेकीला हाका मारायचे.
मी पडल्या पडल्या ऐकायची.
कोण कवा आली, कोण कवा गेली,
माझा बी उजळा व्हायचा.
आता घर लई गप झालंय, बाई."

हे कुठं लिहू?
'इतर' नावाची एक ओळ आहे,
चार शब्द मावतील एवढी.
पेन तिच्यावर टेकवते, उचलते.

आत आले तर मन्मथप्पा
माझं स्टॉपवॉच कानाला लावून बसलेले.
"काय लिव्हलालीस गं एवढं?"
"मार्क, अप्पा."
"किती पडले?"
सांगायचं नसतं. मी सांगत नाही.
ते उठतात, जवळ येतात,
अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून बघतात,
इतक्या हलक्या हातानं
की मी हलतही नाही.
"रगत कमी हाय. शेंगा-गूळ चालू कर.
घाबरण्यासारखं न्हाई."

दारात चपला शोधताना, पायात असलेल्याच,
मागं वळतात.
"माणूस बी धरतेत का ह्यात?"

मिनीट केव्हाच संपलेलं.
मी पान एकोणीस बघते, वीस बघते, मागचं अठरा.
खाली उदगीर गाडी लागल्याची कुणीतरी हाळी देतं.
नागरबाई बाटली पिशवीत घालतात,
वर धपाट्यांचं फडकं,
आणि त्यांचा हात धरून जिना उतरू लागतात,
एक पायरी, थांबून, एक पायरी.